कोलेस्टेरॉलच्या गोळीनं मांड्या भरून येतात: गोळी सोडू, की दुखणं सोसू?

पारिजात
९ जून, रात्री १०.१५

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

वय ५६. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. ब्लड प्रेशरची गोळी सात वर्षांपासून आहे. जानेवारीत तपासणी केली तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७८ निघालं. माझ्या आईला ५८व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून आमच्या डॉक्टरांनी ॲटोरव्हास्टॅटिन ४० रोज रात्री सुरू केली. एप्रिलमध्ये एलडीएल ९१ वर आलं. डॉक्टर खूश, मीही खूश.

पण मार्चच्या शेवटापासून मांड्या भरून यायला लागल्या. आधी वाटलं, वार्षिक परीक्षेच्या सुपरव्हिजनला उभं राहून होत असेल (मी शाळेत शिकवते). मग सुट्टी लागली तरी दुखणं तसंच. दोन्ही मांड्या पुढून दुखतात, सकाळी पोटऱ्या दगडासारख्या असतात. खाली बसून भाजी निवडली की उठताना ओट्याला धरावं लागतं. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबते. हे माझं कधीच नव्हतं हो. गणपतीत गावी दिवसभर पाटावर बसून मोदक वळणारी बाई मी.

बावीस मेपासून नऊ दिवस मी कुणालाही न विचारता गोळी बंद केली. थोडं हलकं वाटलं, की वाटून घेतलं, मला खरंच कळत नाही. मग आईचा चेहरा आठवला आणि पुन्हा घ्यायला लागले. मिस्टर म्हणतात, डॉक्टरांनी दिलंय तर घे. धाकटी बहीण म्हणते, ही गोळी एकदा लागली की जन्माची, आत्ताच सोड. डॉक्टरांना सांगायची भीती वाटते, ते रागावतील.

असं कुणाला झालंय का? तुम्ही काय केलंत? आणि हे दुखणं गोळीचं की वयाचं, हे ओळखायचं कसं?

---

रातराणी
९ जून, रात्री ११.०२

ताई, अगदी हेच. मला रात्री पोटरीत गोळे यायचे, ओरडून उठायचे मी. रोसुव्हास्टॅटिन १० चालू होती. माझ्या बाबतीत कारण वेगळंच निघालं. डॉक्टरांनी टीएसएच करायला सांगितलं तर ते १४. म्हणजे थायरॉइड कमी काम करत होतं, आणि त्याच्यामुळे कोलेस्टेरॉलही वाढलं होतं आणि स्नायूही दुखत होते! थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत गोळे थांबले. कोलेस्टेरॉलची गोळी अजून चालू आहे, पण आता निम्म्या डोसावर. तुमचं थायरॉइड बघितलंय का कुणी?

---

हिरवा_चाफा
१० जून, सकाळी ६.४०

ताई, मनापासून सांगतो, सोडून द्या. शरीर बोलतंय तर ऐकावं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर लसूण, अर्जुनाच्या सालीचा काढा आणि रोज पाच किलोमीटर चालणं यावर काढलं, ८८ वर्षं जगले. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, मेंदूतही ते भरपूर असतं. आपल्या तरुणपणी हा आकडा कुणाला ठाऊक नव्हता. ही रसायनं स्नायू खातात, तुम्ही स्वतःच अनुभवताय.

---

ओपीडीतून
१० जून, दुपारी ३.२०

मी फिजिशियन आहे, सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. पारिजातताई, मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांशी बोलायची तयारी म्हणूनच वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं नंतर. लघवी काळ्या चहासारखी किंवा कोकमाच्या सारासारखी गडद झाली, किंवा दुखण्याबरोबर हातपायांतली ताकदच गेली, केस विंचरायला हात वर जात नाही असं झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येतो, त्याची ही खूण. हे फार क्वचित होतं, पण हे ज्याला ठाऊक नाही त्याला ही गोळी देऊ नये असं माझं मत आहे. २००१ साली सेरिव्हास्टॅटिन नावाची याच ‘स्टॅटिन’ गटातली एक गोळी जगभरातून याच कारणामुळे परत घेतली गेली. तुम्ही घेताय ती वेगळी.

आता तुमचं दुखणं. गोळीचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं, मोठ्या स्नायूंत असतं: मांड्या, नितंब, पोटऱ्या, कधी खांदे. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येतं. बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत उतरतं आणि पुन्हा सुरू केल्यावर परत येतं. एकच गुडघा, एकच खांदा, सांधा आखडणं, कंबरेतून पायात कळ जाणं, हे सहसा गोळीचं नसतं. तुमच्या वर्णनात गोळीकडे बोट जाईल असं बरंच आहे. पण नऊ दिवसांवरून काहीच ठरत नाही, तेवढ्यात उत्तर मिळत नाही.

डॉक्टरांकडे जाताना हे घेऊन जा: चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, पाकिटासकट. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम), टीएसएच, व्हिटॅमिन डी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या बघायला लागतील.

आणि ते रागावतील म्हणून सांगू नका असं अजिबात करू नका. ‘गोळी नऊ दिवस बंद केली होती’ हे वाक्य मला पेशंटकडून ऐकायला आवडतं, कारण नाहीतर मी न घेतलेल्या गोळीचा डोस वाढवत बसतो.

---

कृष्णाकाठ
१० जून, रात्री ९.३०

हा धागा काल वाचला आणि झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

माझा थोरला भाऊ. ५१व्या वर्षी अटॅक आला, स्टेंट बसला. पुढे दीड वर्ष सगळं नीट. मग त्याचे पाय दुखायला लागले. तो ऊसतोडीच्या हंगामात दिवसदिवस उभा असायचा, त्यामुळे आम्हाला वाटलं कामाचं आहे. त्याला मात्र कुणीतरी सांगितलं, कोलेस्टेरॉलच्या गोळीनं होतं. त्यानं गोळी सोडली. घरात कुणाला बोलला नाही. वहिनी दर महिन्याला औषधं आणायची, त्यातली ती पट्टी तो काढून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा, म्हणजे कुणी विचारायला नको. आठ महिन्यांनी दुसरा अटॅक आला. गाडीत घालून सांगलीला नेईपर्यंत गेला.

डब्यात आठ पट्ट्या होत्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

गोळी सोडली म्हणूनच गेला असं मी छातीठोक म्हणणार नाही, तंबाखूही होती. पण त्यानं डॉक्टरला एकदा सांगितलं असतं, ‘पाय दुखतात, ही झेपत नाही’, तर डॉक्टरनं काहीतरी दुसरं दिलं असतं. त्याला वाटलं, दोनच वाटा आहेत, सोसायचं नाहीतर टाकायचं. मला एवढंच सांगायचंय की तिसरी वाट विचारा. आणि घरातल्या माणसाला तरी सांगा.

---

हिरवा_चाफा
११ जून, सकाळी ७.०५

कृष्णाकाठ, फार वाईट वाटलं वाचून. स्टेंट झालेल्या माणसानं सोडावी असं माझं म्हणणं नव्हतं, ते स्पष्ट लिहायला हवं होतं. पण ओपीडीतून, एक प्रामाणिक प्रश्न. आपल्याकडे गुग्गुळ आहे, लसूण आहे. त्यानं काहीच होत नाही का? की कुणी तपासलंच नाही?

---

ओपीडीतून
११ जून, रात्री १०.१०

तपासलंय, आणि आपल्याच लोकांनी आधी तपासलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं गुग्गुळापासून औषध तयार केलं, ते ऐंशीच्या दशकात बाजारातही आलं. सुरुवातीचे निकाल बरे होते. मग २००३ साली अमेरिकेत एक नीट बेतलेली चाचणी झाली, त्यात गुग्गुळाच्या अर्कानं एलडीएल उतरण्याऐवजी थोडं वाढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ आलं. लसणाचा परिणाम अगदी थोडा आहे. इसबगोल आणि ओट्समधला विरघळणारा चोथा मात्र खरोखर काम करतो. ५ ते १० टक्के उतरवतो. इसबगोल रोज घ्या, आनंदानं सांगेन. पण १७८ चं ९० त्यानं होणार नाही.

आणि ‘रसायन’ या शब्दाबद्दल. पहिलं स्टॅटिन सापडलं ते जपानमध्ये, बुरशीत. आकिरा एन्डो नावाच्या शास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात हजारो बुरश्या तपासल्या, आणि तांदळावर वाढलेल्या एका निळसर बुरशीत हा गुण सापडला. १९८७ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं लोव्हास्टॅटिनही बुरशीतलंच. लाल यीस्टचा तांदूळ ‘नैसर्गिक’ म्हणून ऑनलाइन विकतात, त्यातला काम करणारा घटक हाच लोव्हास्टॅटिन आहे, फक्त डोस किती ते पाकिटावर कळत नाही. म्हणजे त्रास होईल तर तोच, आणि मोजमापाशिवाय. तुमच्या वडिलांचं चालणं मात्र कुठल्याही गोळीनं भरून निघत नाही, तिथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

थेम्सकाठ
१२ जून, पहाटे २.५०

लंडनजवळ राहतो. मी स्वतः दोनदा सोडून तिसऱ्यांदा सुरू केली आहे, म्हणून या विषयावर बरंच वाचलं.

इथल्या इम्पिरियल कॉलेजनं एक विलक्षण अभ्यास केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली आणि प्रत्येकाला १२ बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक. चार बाटल्यांत ॲटोरव्हास्टॅटिन २०, चारांत तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात औषध आणि कुठल्या महिन्यात नुसती गोळी, ते त्यांना ठाऊक नव्हतं. रोज फोनवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८, खोट्या गोळीला १५.४, खऱ्या गोळीला १६.३. म्हणजे गोळी घेताना जो त्रास वाढला, त्यातला ९० टक्के खोट्या गोळीनंही झाला. निकाल हातात दिल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

२०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांचे स्नायू दुखले, आणि नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांचे.

---

पारिजात
१२ जून, दुपारी ४.३०

थेम्सकाठ, तुम्ही चांगल्या हेतूनं लिहिलंत हे कळतं. पण वाचून रडू आलं. म्हणजे हे सगळं माझ्या मनाचं आहे? एप्रिलपर्यंत मला ठाऊकसुद्धा नव्हतं की या गोळीनं पाय दुखतात. आधी दुखायला लागलं, मग मी शोधलं. बाईनं दुखतंय म्हटलं की मनाचं, हे मी पाळीच्या वेळी ऐकलं, बाळंतपणात ऐकलं, रजोनिवृत्तीत ऐकलं. आता इथेही ऐकायचं का?

---

थेम्सकाठ
१२ जून, रात्री ११.४०

ताई, माफ करा. आकडे टाकले आणि त्यांच्या मागे काय आहे ते लिहिलंच नाही.

त्या ६० जणांचं दुखणं खोटं नव्हतं, अभ्यास करणारेही तसं म्हणत नाहीत. माझंही नव्हतं. मी इथल्या स्टेशनच्या पायऱ्या कठड्याला धरून उतरायचो. दुखण्याची अपेक्षा मनात असली की मेंदू स्नायूंमधल्या रोजच्या बारीकसारीक संवेदना मोठ्या करून ऐकवतो. आवाज वाढवल्यासारखा. ऐकू येणारा आवाज खराच असतो. मी पाकिटातली घडीची चिठ्ठी वाचून गोळी सुरू केली होती, आणि चौथ्या दिवशी दुखलं. गोळीचं दुखणं चौथ्या दिवशी सहसा येत नाही. ते माझं झालं.

तुमचं तसंच असेल असं मी म्हणू शकत नाही. तुम्ही काही न वाचता दुखायला लागलं, ही मोठी गोष्ट आहे, ती डॉक्टरांना सांगाच. तेच लॅन्सेटचं काम हेही सांगतं की पहिल्या वर्षात थोडा फरक खरोखर पडतो, आणि मोठ्या डोसावर जास्त. म्हणजे काहींचं दुखणं गोळीचंच असतं. तुम्ही त्यातल्या आहात का, ते तुमच्याच शरीरावर पद्धतशीर तपासून कळेल. मी केलं तसं: चार आठवडे बंद, चार आठवडे चालू, आणि रोज रात्री वहीत एक आकडा. पण डॉक्टरला सांगून.

---

ओपीडीतून
१३ जून, सकाळी ७.५०

थेम्सकाठ यांचं दुसरं पोस्ट मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे. पारिजातताई, तुमचा राग रास्त आहे. ‘मनाचं आहे’ असं म्हणून पेशंटला घरी पाठवणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे आणि बायकांच्या वाट्याला ती जास्त येते. दुखणं कशामुळेही असो, ते कमी करणं हे काम उरतंच.

---

फार्मसीवाला
१३ जून, रात्री १०.२५

कोल्हापुरात २२ वर्षं मेडिकलचं दुकान आहे. काउंटरवर जे दिसतं ते लिहितो, कारण डॉक्टरांपर्यंत हे पोचत नाही.

पहिलं म्हणजे नायटा. गेल्या काही वर्षांत गजकर्ण-नायट्याचे पेशंट प्रचंड आहेत, आणि इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल महिना-दीड महिना चालतात. ही कॅप्सूल यकृतात ॲटोरव्हास्टॅटिन आणि सिमव्हास्टॅटिन निचरायच्या वाटेतच अडथळा घालते. मग रक्तात स्टॅटिन साचतं. त्वचेच्या डॉक्टरला हृदयाची गोळी ठाऊक नसते, हृदयाच्या डॉक्टरला नायटा ठाऊक नसतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. ग्रेपफ्रूटचा रस रोज ग्लासभर पिणाऱ्यांनीही सांगावं.

दुसरं, एकच औषध दोनदा. अटॅकनंतर ज्या एकत्र कॅप्सूल देतात त्यात बऱ्याचदा ॲस्पिरिनसोबत ॲटोरव्हास्टॅटिन असतं. काही जण ती कॅप्सूलही घेतात आणि दुसऱ्या डॉक्टरनं लिहिलेली ॲटोरव्हास्टॅटिनची वेगळी गोळीही घेतात, कारण दोन्हीची नावं वेगळी, रंग वेगळे. परवाच एक आजोबा सहा महिने दोन्ही घेत होते. मांड्या दुखतात म्हणून माझ्याकडे बाम मागायला आले होते. ताई, तुमच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा, मुलांना वाचायला सांगा.

---

सह्यवाट
१४ जून, सकाळी ९.१५

सीपीके करायची असेल तर एक अनुभव. मी रोसुव्हास्टॅटिन घेतो आणि ट्रेक करतो. हरिश्चंद्रगड करून आल्यावर तिसऱ्या दिवशी सीपीके केली, १,१४० आली. घरी सगळ्यांचा जीव घाबरा. डॉक्टरांनी आठ दिवस काही न करता पुन्हा करायला सांगितली, १७६. स्नायूंनी कष्ट केले की सीपीके वाढतेच, गोळी असो नसो. तपासणीआधी तीन-चार दिवस जड व्यायाम, घराची मोठी साफसफाई, काही नको. इंजेक्शन स्नायूत घेतलं असेल तरी सांगा.

---

मोगरा_नागपूर
१५ जून, दुपारी १.००

थोडा वेगळा प्रश्न, इथेच विचारते. माझं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९ होतं, स्टॅटिन सुरू करून वर्ष झालं आणि ६.३ झालं. गोळीनं साखर वाढते हे खरं का? मग एक वाचवायचं आणि दुसरं ओढवून घ्यायचं, असंच ना हे?

---

ओपीडीतून
१५ जून, रात्री ९.४५

खरं आहे, थोडी वाढते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ पासून ते माहितीपत्रकात लिहायला लावलंय. पण नवा मधुमेह बहुतेक त्यांच्यातच दिसतो जे आधीच उंबरठ्यावर उभे असतात, तुमच्यासारखे. मोठ्या डोसावर जास्त, मध्यम डोसावर कमी. मधुमेह हाच हृदयाचा धोका वाढवतो, म्हणून अशा माणसाला स्टॅटिनची गरज वाढते, कमी होत नाही. माझा सल्ला: गोळी ठेवा, डोस डॉक्टरांशी बोला, जेवणानंतर १५ मिनिटं चाला, पोटाचा घेर मोजा, आणि सहा महिन्यांनी एचबीएवनसी. नागपूरच्या उन्हाळ्यात चालणं संध्याकाळी सातनंतरच.

---

बेळगावी_कुंदा
१७ जून, रात्री ८.३०

आईचं सांगते. वय ७१, बायपास झालेली. तीन वेगवेगळी स्टॅटिन दिली, तिन्ही वेळा चालणं बंद. मग डॉक्टरांनी एझेटिमाइब १० आणि बेम्पेडोइक ॲसिड १८० दिली, दोन्ही कोलेस्टेरॉलचीच पण स्टॅटिन नसलेली औषधं. डॉक्टरांनी समजावलं की बेम्पेडोइक ॲसिड यकृतात गेल्यावरच ‘जागं’ होतं, ते जागं करणारं एन्झाइम स्नायूंमध्ये नाही, म्हणून स्नायूंना त्रास कमी. २०२३ मध्ये त्याचा मोठा अभ्यास आला, स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास १४,००० लोकांवर, आणि अटॅक वगैरे १३ टक्क्यांनी कमी झाले. आई आता पुन्हा देवळापर्यंत चालत जाते.

पण फुकट काही नसतं. तिचं युरिक ॲसिड ७.९ झालं आणि पायाचा अंगठा सुजला, लाल झाला, पांघरूण लागलं तरी कळ. आता त्याचीही गोळी आहे. वर्षातून दोनदा घ्यायचं इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शनही डॉक्टरांनी सुचवलं होतं, खर्च ऐकून आम्ही थांबलो.

---

कृष्णाकाठ
१७ जून, रात्री १०.००

कुंदाताई, हेच. ही वाट आहे हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

---

पारिजात
३ जुलै, रात्री ९.२०

उशीर झाला लिहायला. डॉक्टरांकडे गेले, सगळं सांगितलं, नऊ दिवसांचंही. रागावले नाहीत. म्हणाले, ‘मार्चमध्येच का नाही आलात?’

पट्टीच्या मागचं मुलीनं वाचलं, दुहेरी काही नव्हतं. टीएसएच ३.१, ठीक. सीपीके २१४, किंचित जास्त, काळजीचं नाही म्हणाले. व्हिटॅमिन डी मात्र ११. त्याचा आठवड्याचा डोस सुरू केलाय. मला स्टेंट वगैरे काही नाही, म्हणून चार आठवडे गोळी बंद ठेवून बघायचं ठरलं. आजचा सोळावा दिवस. वहीत रोज आकडा लिहिते. पहिल्या दिवशी ६ होता, काल ३. जिना एका दमात चढले काल, पण मनाला सांगते, लगेच निष्कर्ष काढायचा नाही.

---

रातराणी
३ जुलै, रात्री ९.५५

किती छान. वही चालू ठेवा.

---

पारिजात
१८ ऑगस्ट, दुपारी ३.४०

चार आठवड्यांनंतर तीच गोळी पुन्हा घ्यायला लावली डॉक्टरांनी. मला नको होतं. ते म्हणाले, नाहीतर आयुष्यभर तुम्हाला नक्की कळणार नाही. व्हिटॅमिन डी तोवर ३२ वर आलं होतं, म्हणजे त्याचा दोष धरता येणार नव्हता. पहिला आठवडा आकडा २. अकराव्या दिवशी ५. चौदाव्या दिवशी पुन्हा ६, त्याच मांड्या, तसंच भरून येणं. वही पुढे ठेवली. त्यांनी ती तीन-चार मिनिटं शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘ही गोळी या डोसावर तुम्हाला सोसत नाही, हे मी फाइलवर लिहितो.’ ते वाक्य ऐकून जे वाटलं ते मला इथे नीट लिहिता येणार नाही.

आता रोसुव्हास्टॅटिन ५, एक दिवसाआड, आणि एझेटिमाइब १० रोज. ते म्हणाले की रोसुव्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ राहतं म्हणून दिवसाआड चालतं, आणि आपल्या भारतीय लोकांच्या रक्तात ते गोऱ्या लोकांपेक्षा जास्त चढतं म्हणून सुरुवात ५ नेच. शिवाय डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, त्यामुळे थोड्या डोसावर दुसरं औषध जोडणं बरं. हे मला आधी ठाऊक असतं तर मी ४० ला घाबरून सगळंच सोडलं नसतं.

---

ओपीडीतून
१८ ऑगस्ट, रात्री १०.३०

तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. पुन्हा सुरू करून बघणं हा भाग बहुतेक जण गाळतात, मीही गर्दीत गाळतो. दिवसाआडच्या गोळीनं अटॅक किती टळतात, यावर रोजच्या गोळीइतका मोठा अभ्यास नाही, म्हणून एलडीएल मोजत राहणं महत्त्वाचं. सहा ते आठ आठवड्यांनी करा.

---

पारिजात
९ ऑक्टोबर, रात्री ८.१०

रिपोर्ट आला. एलडीएल ९६. वहीत गेले दोन आठवडे १ आणि २. उजवा गुडघा अजून दुखतो, तो गोळीचा नव्हता, झिजेचा आहे, एक्स-रे काढला. जे सगळं मी गोळीवर ढकलत होते त्यातलं थोडं गुडघ्याचं होतं.

डॉक्टरांना ७० च्या खाली हवंय, आईचा इतिहास म्हणून. दिवाळीनंतर गोळी रोज करून बघू म्हणाले. मनात धाकधूक आहे. वही ठेवणारच आहे.

गणपतीत गावी गेले होते. पाटावर बसून एकवीस मोदक वळले, मग मुलीनं खुर्ची आणून दिली, त्यावर बसून उरलेले.

---

कृष्णाकाठ
९ ऑक्टोबर, रात्री ८.५५

ताई, वाचून फार बरं वाटलं. माझ्या वहिनीला दाखवलं. तिचा मुलगा ३१ वर्षांचा आहे, त्याचं एलडीएल आम्ही गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तपासलं, १९२. उद्या डॉक्टरकडे नेतोय. वहिनीनं त्याला एकच सांगितलंय, गोळी दिली आणि काही दुखलं तर आधी मला सांगायचं.

---

हिरवा_चाफा
१० ऑक्टोबर, सकाळी ६.३०

कृष्णाकाठ, १९२ म्हणजे घरात चालत आलेलं असू शकतं असं वाचलं. त्याच्या भावंडांचंही बघा. मी माझं बघितलं काल, आयुष्यात पहिल्यांदा. १४८. चालणं चालूच आहे, इसबगोल सुरू केलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणार आणि आलेला आकडा डॉक्टरांना दाखवणार.

---

मोगरा_नागपूर
१० ऑक्टोबर, दुपारी १२.१५

पारिजातताई, दिवसाआडचा हिशोब लक्षात कसा ठेवता? मी कालची घेतली की परवाची, यातच गोंधळते. आणि विसरली तर दोन घ्यायच्या का?

---

पारिजात
१० ऑक्टोबर, रात्री ९.००

दोन कधीच नाही, डॉक्टरांनी बजावलंय. विसरले तर दुसऱ्या दिवशी एक घेते आणि तिथून पुन्हा दिवसाआड मोजते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशोब लिहिते तिथेच, घेतल्याच्या दिवशी लाल पेननं टिंब करते. पेन दोरीनं कॅलेंडरला बांधलंय. टिंब दिसलं नाही की मिस्टर विचारतात.